एकाच वाटीची नानकटाई

मे महिन्याची सुट्टी लागली की महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बेकऱ्यांसमोर पत्र्याचे डबे घेऊन बायका-मुलांची रांग लागायची. मैदा, साखर, तूप किंवा डालडा घरचा. पीठ मळणं आणि भट्टी बेकरीवाल्याची, मजुरी किलोवर. अजूनही काही गावांत ही पद्धत टिकून आहे. त्या डब्यातली सर्वात लाडकी वस्तू म्हणजे नानकटाई. सुरतेत तिची हकिगत अशी सांगतात, की डच व्यापाऱ्यांनी जाताना आपली बेकरी दोटीवाला नावाच्या पारशी कारागिराकडे सोपवली आणि तिथूनच ती घडत गेली.

घरोघरच्या वह्यांमध्ये या नानकटाईची कृती जेमतेम चार ओळींची असते. पाऊण वाटी घट्ट तूप, एक वाटी पिठीसाखर, दीड वाटी मैदा, पाव वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, चिमूटभर मीठ, पाव चमचा बेकिंग पावडर, वेलची. वाटी कुठली, हे लिहिलेलं नसतं. तरीही कृती पिढ्यान्‌पिढ्या चुकत नाही, कारण महत्त्व प्रमाणाला असतं: वाटी लहान घ्या किंवा मोठी, पण सगळं त्याच वाटीनं मोजा. कृती दुसऱ्याला देताना एवढं वाक्य आवर्जून सांगावं.

नानकटाईत पाणी अजिबात नसतं, आणि तिचा सगळा खुसखुशीतपणा त्यावरच उभा आहे. मैद्यात पाणी मिसळून तो मळला की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून चिवट जाळं विणतात. पोळीला ते हवं असतं, इथे नको. तूप पिठाच्या कणांवर थर देऊन हे जाळं होऊ देत नाही. शंकरपाळ्यांत मोहन घालण्यामागचं कारणही हेच.

तूप मात्र पातळ करू नये. घट्ट, रवाळ तूप आणि साखर परातीत तळहातानं फेसायची, रंग पांढुरका आणि मिश्रण हलकं होईपर्यंत. फेसताना शिरलेली हवाच भट्टीत फुगते. त्यानंतर पीठ चाळून घालावं आणि गोळा जमेल इतकंच हलक्या हातानं एकत्र करावं. कोकणातल्या उन्हाळ्यात तूप लगेच पाघळतं आणि नानकटाई ट्रेमध्ये पसरते. तिथे वळलेले गोळे वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवणं हा खात्रीचा उपाय. गोळा फारच भुरभुरला तर चमचाभर तूप वाढवावं, दूध नाही.

ओव्हन आधीच १६० ते १७० अंशांवर तापलेला हवा. गोळे किंचित दाबून, अंतर ठेवून मांडायचे आणि १५ ते २० मिनिटं भाजायचे. ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड आणि ताटली, वर घट्ट झाकण. मंद आचेवर वेळ थोडा जास्त लागतो. वरून फिकट आणि कडेला, तळाशी हलकी गुलाबी झाली की काढावी. गरम असताना ती बोटानं दबते, म्हणून अनेकजण कच्ची समजून पुन्हा आत ठेवतात आणि मग ती करपते. तूप थंड होऊन गोठलं की ती आपोआप घट्ट होते. तोवर ट्रेमधून उचलू नये, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावी, नाहीतर वाफेनं मऊ पडते.