रंगाची खोटी साक्ष

स्टेक मागवणाऱ्याला अमेरिकेत वेटर एक प्रश्न हमखास विचारतो: कसा भाजलेला हवा? उत्तरे ठरलेली आहेत. रेअर, मीडियम रेअर, मीडियम, मीडियम वेल आणि वेल डन. फ्रान्समध्ये या शिडीला रेअरच्याही खाली आणखी एक पायरी आहे. तिचे नाव ‘ब्लू’, म्हणजे निळा. तव्याला नुसता टेकवून उचललेला, आतून जवळपास गार. मराठीत अशी शिडीच नाही. मटण कच्चे असते किंवा शिजलेले असते. मधल्या अवस्थेला ‘अजून दोन शिट्ट्या काढ’ यापलीकडे नाव नाही.

नावे पाच असली तरी तापमानाच्या हिशेबात ही शिडी फार आखूड आहे. स्टेकचा अगदी मधला भाग ५० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की रेअर, ५५ ला मीडियम रेअर, ६० ला मीडियम, ६५ ला मीडियम वेल आणि ७० च्या पुढे वेल डन. पुस्तकागणिक हे आकडे दोन-तीन अंशांनी हलतात. खवय्यांच्या साऱ्या भांडणाला जागा एवढीच, जेमतेम वीस अंशांची. वाफाळत्या चहाचा कपही याच पट्ट्यात कुठेतरी असतो.

या पट्ट्यात लोक नेमके कुठे बसतात? पाककलेची पुस्तके आणि नावाजलेले शेफ मीडियम रेअरची शिफारस करतात. गिऱ्हाइके मात्र त्यांचे फारसे ऐकत नाहीत. ‘फाइव्हथर्टीएट’ या आकडेवारीच्या संकेतस्थळाने २०१७ मध्ये लाँगहॉर्न या अमेरिकी स्टेकहाउस साखळीच्या वर्षभरातील मागण्यांचा हिशेब छापला. त्यात सर्वाधिक, म्हणजे ३७ टक्क्यांहून थोड्या अधिक मागण्या मीडियमच्या होत्या. त्याखालोखाल मीडियम वेल, सुमारे २६ टक्के. मीडियम रेअर तिसरा. वेल डन सुमारे १२ टक्के, तर रेअर तीन टक्क्यांच्याही आत. म्हणजे शेफमंडळी ज्याला ‘स्टेकची नासाडी’ म्हणतात, त्या टोकाकडे झुकणारे खाणारे मुळीच थोडे नाहीत.

रेअर स्टेक नाकारण्याचे बहुतेकांचे कारण ताटात दिसणारा लाल पाझर. ते रक्त नव्हे. जनावर कापल्यावर बहुतेक सगळे रक्त निथळून जाते. मांसाला रंग देतो तो मायोग्लोबिन हा प्रथिनाचा रेणू, स्नायूंतला ऑक्सिजनचा साठेबाज. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो आणि त्या लोहाच्या अवस्थेप्रमाणे रंग पालटतो. ऑक्सिजन नसेल तर जांभळट, ऑक्सिजन जोडला गेला की लालभडक, लोहाचे ऑक्सिडीकरण झाले की तपकिरी. खाटकाने नुकताच कापलेला तुकडा आतून जांभळट दिसतो आणि हवा लागली की लाल होतो, तो यामुळेच. क्ष-किरणांच्या साह्याने त्रिमिती रचना उलगडलेले पहिले प्रथिनही हेच. जॉन केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये स्पर्म व्हेलच्या मायोग्लोबिनचा आराखडा मांडला आणि १९६२ मध्ये मॅक्स पेरुट्झ यांच्यासह त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. केंड्र्यूंनी देवमासा निवडला, कारण तासभर श्वास रोखणाऱ्या त्या प्राण्याच्या स्नायूंत मायोग्लोबिन ठासून भरलेले असते. कोंबडीच्या छातीत ते नावापुरते, गाईबैलाच्या मांसात भरपूर, म्हशीच्या मांसात आणखी जास्त. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाच्या कत्तलीवर बंदी आहे. मुंबईच्या हॉटेलांत बीफ म्हणून मिळतो तो स्टेक म्हशीचा किंवा रेड्याचा, आणि तो कच्चा असतानाच जास्त काळपट दिसतो.

रंगापेक्षा चव आणि पोत ठरवणारे बदल दुसऱ्या प्रथिनांत घडतात. स्नायूत जवळपास तीन चतुर्थांश पाणी असते आणि त्यातले बहुतेक प्रथिनांच्या जाळ्यात अडकून राहिलेले असते. तापमान ५० च्या आसपास गेले की मायोसिन हे प्रथिन उलगडते आणि साकळते. कच्च्या मांसाचा लिबलिबीतपणा जातो, घास दाताखाली नीट तुटतो आणि थोडे पाणी मोकळे होते. खाणारा ज्याला रसाळपणा म्हणतो तो हाच. ६० च्या पुढे तंतूंभोवतीचे कोलॅजनचे वेष्टन आकसू लागते. ओले फडके पिळावे तसे आतले पाणी बाहेर येते आणि तव्यावर चर्र आवाज वाढतो. पुढे अ‍ॅक्टिन हे दुसरे प्रथिनही साकळते, मायोग्लोबिनचा रंग उडून राखाडी-तपकिरी होतो आणि तुकडा डोळ्यांदेखत लहान होतो. वेल डन स्टेक चिवट लागतो तो या पिळवटण्यामुळे.

मग तासभर रटरटणारे मटण मऊ कसे होते? ते तर ७० अंश केव्हाच ओलांडते. उत्तर त्याच कोलॅजनमध्ये आहे. आकसलेले कोलॅजन पुढेही ओलसर उष्णतेत बराच वेळ राहिले, तर विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि कोरडे पडलेले तंतू त्या बुळबुळीत जिलेटिनमुळे मऊ, ओलसर लागतात. नळीचा रस्सा थंड झाल्यावर थिजतो, तो याच जिलेटिनने. सतत चालणाऱ्या, भार वाहणाऱ्या पायाच्या आणि मानेच्या स्नायूंत कोलॅजन जास्त. तिथे रेअरचा विचारही व्यर्थ, चावता येणार नाही. स्टेकसाठी कापतात तो पाठीकडचा, कमी राबणारा स्नायू. त्यात विरघळवण्यासारखे कोलॅजन थोडे, म्हणून जास्त भाजून हाती काहीच लागत नाही. मराठी स्वयंपाकघरात भाजण्याची शिडी तयार झाली नाही, यात रुचीइतकाच हातात येणाऱ्या मांसाचाही वाटा आहे.

भाजलेल्या पृष्ठभागाचे रसायन निराळे. तव्यावर १४० अंशांच्या पुढे साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात जी क्रिया घडते, तिचे पहिले वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय माय्यार यांनी १९१२ मध्ये केले. खमंगपणा तिचाच. ‘मोठ्या आचेवर कड भाजली की रस आत कोंडला जातो’ हा समज मात्र चुकीचा आहे. तो पसरवला युस्टुस फॉन लीबिग या मोठ्या जर्मन शास्त्रज्ञाने, १८४०च्या दशकात. भाजलेला थर पाणी अडवत नाही. तसे असते तर तव्यावर टाकलेला तुकडा शेवटपर्यंत चरचरत राहिला नसता. अमेरिकी लेखक हॅरल्ड मॅगी यांनी १९८४ मध्ये या समजाचा समाचार घेतला, तरी तो अजून जिवंत आहे.

इथवरचा सारा मामला आवडीनिवडीचा. मांस खिम्याच्या मशीनमध्ये गेले की तो तसा राहत नाही. निरोगी जनावराच्या अखंड स्नायूचा आतला भाग जवळजवळ निर्जंतुक असतो. कातडे सोलताना, आतडी काढताना जिवाणू लागतात ते बाहेरच्या पृष्ठभागाला आणि तव्याच्या आचेत ते काही सेकंदांत मरतात. मधला भाग ५० अंशांवरच राहिला तरी फारसे बिघडत नाही. खिमा करताना मात्र बाहेरचा पृष्ठभाग आत जातो. शिवाय कारखान्यातल्या बर्गरच्या एका टिक्कीत अनेक जनावरांचे मांस मिसळलेले असू शकते. स्टेकचा बाहेर म्हणजे बाहेर. बर्गरला सगळीकडे बाहेरच.

हा फरक किती महाग पडू शकतो ते १९८२ मध्ये दिसले. ओरेगन आणि मिशिगन या राज्यांत रक्ती हगवणीची साथ आली आणि तिचा माग नीट न भाजलेल्या बर्गरपर्यंत गेला. त्यातून ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जिवाणू प्रथमच रोगकारक म्हणून ओळखला गेला. तो गुरांच्या आतड्यांत सुखाने राहतो, कारण त्यांच्या रक्तवाहिन्यांत त्याचे विष पकडणारे ग्राही नसतात. माणसात असतात. शंभराहून कमी जिवाणूही आजारासाठी पुरतात आणि लहान मुलांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. १९९३ मध्ये जॅक इन द बॉक्स या साखळीच्या बर्गरमधून वॉशिंग्टनसह चार राज्यांत सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. वॉशिंग्टन राज्याचा नियम तेव्हा टिक्की ६८ अंशांपर्यंत तापवा असा होता, देशाचा नियम ६० अंशांवर समाधान मानत होता. साखळीने खालचा आकडा पाळला. पुढच्याच वर्षी अमेरिकी कृषी खात्याने कच्च्या खिम्यातला हा जिवाणू भेसळ ठरवला. आज त्या खात्याचा घरगुती स्वयंपाकासाठीचा सल्ला आहे: खिम्याला ७१ अंश, अखंड स्टेकला ६३ अंश आणि वर तीन मिनिटे विसावा.

७१ हा आकडा म्हणजे जादूची रेघ नव्हे. जिवाणू मरतात ते तापमान आणि वेळ या दोन्हींच्या मेळाने. साल्मोनेला हा जिवाणू पुरेसा मारायला ५४ अंशांवर जवळपास दोन तास लागतात, ६० वर सुमारे बारा मिनिटे, ६३ वर चार मिनिटे आणि ७० वर क्षणभर. पिशवीत बंद करून गरम पाण्यात तासन्‌तास ठेवलेले मांस गुलाबी राहूनही सुरक्षित होऊ शकते, ते या हिशेबाने. घरच्या तव्यावर टिक्की एका तापमानाला धरून ठेवणे अवघड, म्हणून सल्ला देणारे क्षणात काम उरकणारा आकडा सांगतात.

पण आकडा बघतो कोण? पिढ्यान्‌पिढ्या टिक्की फोडून रंग बघण्याची रीत होती: गुलाबी म्हणजे कच्ची, तपकिरी म्हणजे झाली. कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या मांसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात ही रीत तपासली आणि ती टिकली नाही. खिम्यातले मायोग्लोबिन हवेने आधीच तपकिरी अवस्थेत गेले असेल, तर ते कमी तापमानालाच रंग सोडते. टिक्की ५५ अंशांवर असतानाच पूर्ण भाजल्यासारखी दिसू शकते. जुना, फ्रीजमध्ये बरेच दिवस राहिलेला खिमा अशी थाप जास्त मारतो. कृषी खात्याच्या अंदाजाने चारांतला एक बर्गर सुरक्षित होण्याआधीच तपकिरी होतो. उलटही घडते. मांसाची आम्लता कमी असेल किंवा भाज्यांतून नायट्रेट-नायट्राइट आले असेल, तर ७१ अंश ओलांडूनही टिक्की गुलाबीच राहते. १९९७ पासून खात्याने रंगाचा निकष सोडून तापमापी वापरायला सांगितले आणि २००० मध्ये ‘थर्मी’ नावाचा हसरा तापमापीच प्रचाराला उतरवला.

अखंड दिसणारा प्रत्येक स्टेक अखंड असतोच असेही नाही. चिवट तुकडे मऊ करण्यासाठी त्यांत यंत्राने बारीक सुया किंवा पाती खुपसतात. पृष्ठभागावरचे जिवाणू त्या वाटेने आत जातात आणि नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. २०१६ पासून अमेरिकेत अशा मांसाच्या वेष्टनावर तसे लिहिणे बंधनकारक आहे. कच्चे मांस आवडीने खाणारे समाजही आहेत: फ्रान्समध्ये स्टेक टार्टार, इथिओपियात किटफो. जपानमध्ये युक्के या कच्च्या बीफच्या पदार्थाने २०११ मध्ये पाच बळी घेतल्यावर नियम कडक झाले आणि पुढच्या वर्षी हॉटेलांत गाईचे कच्चे यकृत वाढायलाच बंदी आली.

शिडीच्या वरच्या टोकालाही धोका आहे, पण तो निराळ्या जातीचा. मांस मोठ्या आचेवर फार वेळ राहिले, काळे पडले, की त्यात हेटेरोसायक्लिक अमाइन्स तयार होतात. १९७०च्या दशकात जपानी संशोधक ताकाशी सुगिमुरा यांच्या गटाने भाजलेल्या मासळीच्या जळक्या भागात उत्परिवर्तन घडवणारी द्रव्ये शोधली, तिथून हा विषय सुरू झाला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत यांतली बरीच कर्करोगकारक ठरली आहेत. आच मध्यम ठेवणे आणि तुकडा वारंवार उलटणे यांनी ती बरीच कमी होतात. वारंवार उलटल्याने दोन्ही बाजू समान तापतात आणि मांस लवकर होते, हाही फायदाच. ‘एकदाच उलटा’ हा ग्रिलवाल्यांचा दंडक तापमापी काही मानत नाही.

बर्गर ७१ अंशांवर कोरडा पडतो ही तक्रार निम्मीच खरी. स्टेकमध्ये जे काम प्रथिनांनी राखलेले पाणी करते, ते टिक्कीत चरबी करते. म्हणून खाटीक बर्गरसाठी वीस टक्के चरबीचा खिमा देतात. निवडक, बिनचरबीचा खिमा घेतला तर मात्र भुसा चावल्यासारखे होते. मीठही आधी खिम्यात मळायचे नाही, कारण मिठाने मायोसिन विरघळते, ते तंतूंना चिकटवते आणि टिक्कीऐवजी सॉसेजसारखा रबरी गोळा तयार होतो. ते थापल्यावर वरून लावायचे. आणि तापमापीची सुई वरून नव्हे, बाजूने आडवी घालायची: टिक्की दोन सेंटिमीटर जाडीची, सुईचे टोक वरून नेमके मध्यावर थांबवणे कठीण, ते आरपार गेले तर आकडा तव्याचा येतो.