थाळनेर : फारुकींची पहिली राजधानी

खान्देशातील तटबंदीचे जुने शहर म्हटले की आपल्याला बऱ्हाणपूर आठवते. परंतु बऱ्हाणपूर वसण्यापूर्वी खान्देशचा कारभार जेथून चालला ते थाळनेर आपल्याच धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात आहे. आज तेथे ढासळलेला तट व काही कबरी एवढेच पाहावयास मिळते.

दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये थाळनेर व करवंद हा मुलूख मलिक राजा फारुकीस दिला. शिकारीत भुकेल्या सुलतानाला त्याने जवळचे अन्न दिले, त्याचे हे बक्षीस, असे फिरिश्ता सांगतो. कथा गोड आहे. पण गुजरात व माळवा यांच्यामधली ही वाट विश्वासू माणसाच्या हाती हवी होती, हे कारण मला अधिक पटते. १३८२ च्या सुमारास मलिक राजा स्वतंत्र झाला.

थाळनेरला डोंगराचा आधार नाही. एका अंगाला तापीच हाच खंदक; नदीकाठावरून तट सुमारे साठ फूट वर चढतो. उरलेल्या तीन बाजूंना खोल खळगा असून त्याने किल्ला गावापासून तोडला आहे. सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापारी मार्ग या तापीकाठानेच जाई. नदीचा उतार ज्याच्या हाती, त्याच्या हाती माल व जकात. (पांझरेला पूर आला की पलीकडच्या धुळ्याकडे बघत बसणाऱ्या आम्हा देवपूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको!)

परंतु भुईकोटाचे बळ ते केवढे? मलिक राजाने थोरल्या नासीरखानास लळिंग व धाकट्या इफ्तिकारला थाळनेर दिले होते. पुढे १४१७ मध्ये नासीरखानाने माळव्याच्या मदतीने भावाकडून थाळनेर हिसकावले. त्याआधीच त्याने उंच डोंगरावरचा अशीरगड घेतला होता आणि त्याच्या दक्षिणेस तापीकाठी बऱ्हाणपूर वसविले होते. शेख बुऱ्हाणुद्दीन या सूफी संताचे नाव त्या शहराला दिले. संकटात आश्रयाला गड, एरवी व्यापाराला शहर, अशी ही जोडी थाळनेरला साधणारी नव्हती.

गादी अशी नदीच्या वरच्या अंगाला गेली. कबरी मात्र थाळनेरलाच होत राहिल्या. मलिक राजा, नासीरखान, मिरान आदिलखान आणि १४५७ मध्ये वारलेला मिरान मुबारक, चौघेही येथे विसावले आहेत. घुमटांपैकी एक अष्टकोनी आहे व त्यावरील कोरीव काम पाहण्यासारखे आहे. बऱ्हाणपूर पाहून आलेल्याने हा घुमट अवश्य पाहावा.

फारुकी राज्य १६०१ मध्ये अशीरगडाबरोबर अकबराकडे गेले. किल्ला मात्र उरला, आणि शेवटी होळकरांकडे आला. मंदसोरच्या तहाने तो इंग्रजांना द्यावयाचा ठरला होता, तरी किल्लेदार तुळशीराम मामा याने दरवाजे उघडण्यास नकार दिला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी जनरल हिस्लॉपने तोफा लावल्या. दरवाजात बोलणी चालू असता गोंधळ होऊन दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर सुमारे तीनशे शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिली. हे प्रकरण विलायतेत इतके गाजले की १८१९ मध्ये पार्लमेंटात हिस्लॉपचे आभार मानताना या फाशीविषयी सभागृह मत देत नाही, असे वेगळे नमूद करावे लागले.