कमरेचं हत्यार, हाताची मूठ

दिवाळी उलटली की भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगरच्या कारखान्यांसाठी बारामती-इंदापूरच्या फडांत कोयते चालू लागतात. कोयत्याची मूठ हाताला बारीक पडली की तोडकरी तिच्यावर चिंधी किंवा सायकलची जुनी ट्यूब गुंडाळतो. सैल मुठीचा हिशोब संध्याकाळी तळहातावरचे फोड मांडतात.

याच पट्ट्यात परवान्याचं रिव्हॉल्व्हर बाळगणारे बागायतदार आणि कंत्राटदारही आहेत. त्यांतला कुणी मूठ बदलायला निघाला की पहिली चौकशी मात्र ती दिसेल कशी याची होते. हस्तिदंती हवी, शिंगाची हवी. इथेच थांबावं. हस्तिदंताचा आणि सांबराच्या शिंगाचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बारामती तालुक्यातच, सुप्याजवळ, चिंकारांसाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य आहे. निदान या तालुक्याला तरी शिंगाची हौस शोभत नाही.

मुठीचं खरं काम धक्का पेलण्याचं. कानपूरच्या आयुध कारखान्यात बनणारं .३२ बोअरचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर आपल्याकडे ओळखीचं. २०१४ मध्ये कानपूरहूनच टायटॅनियम मिश्रधातूचं ‘निर्भीक’ आलं, वजन जेमतेम अर्धा किलो. हत्यार जितकं हलकं, तितका गोळीचा धक्का हाताला जास्त. छोट्या मुठीवर करंगळी अधांतरी राहते, नळी वर उसळते आणि चापाच्या कड्याची मागची बाजू मधल्या बोटावर आदळते. म्हणून कड्यामागची पोकळी भरणारी मूठ बरी.

निवडताना कसोटी सोपी आहे. चक्री उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे आधी डोळ्यांनी आणि मग बोटाने पाहावं. नळी सुरक्षित दिशेला धरावी. नळी आणि मनगटामागचा हात एका रेषेत राहावा, आणि पकड न सरकवता तर्जनीचं पहिलं पेर चापावर टेकावं. बोट ओढून न्यावं लागलं तर मूठ जाड. पेर पुढे निघून गेलं तर बारीक.

रबराची मूठ घामातही घट्ट बसते आणि धक्का शोषते, पण सदऱ्याचं कापड तिला चिकटतं आणि हत्याराचा आकार वरून दिसतो. गुळगुळीत लाकूड कापडावरून सहज सरकतं, मात्र वैशाखात ओल्या तळव्यातही सरकतं. लाकडावर बारीक जाळी कोरली की दोन्हींचं साधतं. शिसव टिकाऊ आहे. पण कुठलंही लाकूड पावसाळ्यात फुगतं, म्हणून स्क्रू बेताने आवळावा. जास्त पिळला तर मुठीच्या फळीला चीर जाते.

अमेरिकी कॅटलॉगमधल्या तयार मुठी पाहून भुलू नये. त्या तिकडच्या सांगाड्यांसाठी कापलेल्या असतात, कानपूरच्या सांगाड्यावर नीट बसतील याची खात्री नसते. शिवाय आपलं ओळखीचं .३२ मधोमध मोडून उघडतं. चक्री बाजूला निघणाऱ्या रिव्हॉल्व्हरला डाव्या फळीवर काडतुसांसाठी खाच लागते, तशी याला लागत नाही. त्यामुळे आपल्या हाताच्या मापाने घडवलेली मूठच अनेकदा सोयीची ठरते.

इथे कायदाही लक्षात ठेवावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार हत्याराची दुरुस्ती करायला वेगळा परवाना लागतो. ओळखीच्या सुताराच्या दुकानात रिव्हॉल्व्हर ठेवून येणं म्हणजे स्वतःचा परवाना धोक्यात घालणं. बसवण्याचं काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावं. सुताराला मापासाठी द्यायची ती फक्त उतरवलेली जुनी मूठ.

म्हणून जुन्या मुठीच्या फळ्यांची जोडी कधी फेकू नका. स्क्रूचं भोक कुठे, सांगाडा कुठे टेकतो, हे तिच्यावरच लिहिलेलं असतं. नवी मूठ तिच्याच मापावर घडते, आणि बिघडली तर हत्यार त्याच जुन्या मुठीवर परत येतं.