निकालपत्रकामागील अनेक कारणे : बहुचल विश्लेषण आणि संगणक

वार्षिक चाचण्यांचे गुण केंद्रावर एकत्र झाले म्हणजे शाळांची क्रमवारी लावण्याचा मोह स्वाभाविकच होतो. ज्या शाळेची सरासरी अधिक ती शाळा चांगली व तेथील अध्यापनही चांगले, असा निर्णय मग सहज दिला जातो. परंतु मुलाचे वाचन एका कारणाने सुधारत नाही, की एका कारणाने मागे पडत नाही. घरची भाषा, आईचे शिक्षण, अंगणवाडीतील पूर्वतयारी, शाळेचे अंतर, हजेरी, वर्गाची पटसंख्या आणि शिक्षकाची अध्यापनपद्धती या सर्वांचा प्रभाव एकाच वेळी पडत असतो. अशा बदलत्या घटकांना संख्याशास्त्रात ‘चल’ अशी संज्ञा आहे, व अनेक चलांचा एकत्र विचार करण्याच्या रीतींना बहुचल विश्लेषण म्हणतात.

या रीतींची गरज का भासते, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, दोन शाळांत पहिलीच्या वर्गात प्रत्येकी ४० मुले आहेत. पहिल्या शाळेतील ३० मुले अंगणवाडीतून आलेली असून त्यांची वाचनाची सरासरी ७० आहे. उरलेल्या १० मुलांची ४० आहे. दुसऱ्या शाळेत अंगणवाडीतून आलेली मुले केवळ १०, त्यांची सरासरी ७४. आणि न आलेली ३०, त्यांची सरासरी ४६. संपूर्ण वर्गाची सरासरी काढली तर पहिल्या शाळेची ६२.५ व दुसरीची ५३ येते. साहजिकच दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाकडे खुलासा मागितला जाईल! वस्तुतः अंगणवाडीची मुले घेतली तरी, व न गेलेली घेतली तरी, दोन्ही गटांत दुसऱ्या शाळेचीच मुले पुढे आहेत. ज्याने अधिक काम केले त्याच्याच वाट्याला दोष आला, आणि तो देणाऱ्याने बेरीज-भागाकारात कोठेही चूक केलेली नाही.

येथे एकच घटक विचारात घेतला म्हणून दोन गट पाडून काम भागले. पाच-सहा घटक घेतले तर गट इतके होतात की एकेका गटात दोन-चार मुलेही उरत नाहीत. अशा वेळी बहुविध समाश्रयण ही रीत उपयोगी पडते. बाकीचे घटक सर्वांच्या बाबतीत सारखे असते तर एका घटकाच्या फरकाने गुणांत सरासरी किती फरक पडला असता, याचा अंदाज ही रीत देते. मात्र जो घटक नोंदलाच नाही, त्याचा हिशेब तिला करता येत नाही. पाच घटक म्हणजे सहा एकसामयिक समीकरणे. शेकडो मुलांच्या नोंदींवरून ती मांडून हाताने सोडविणे हे फार कष्टाचे काम होते. १९६८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात नॉर्मन नाय, डेल बेंट व हॅडलाय हल यांनी ‘एस. पी. एस. एस.’ हे सॉफ्टवेअर सिद्ध केले आणि सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांची या श्रमांतून सुटका झाली. पुढे न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी ‘आर’ ही प्रणाली निर्माण केली. ती विनामूल्य असल्याने जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत अथवा कृतिसंशोधन करणाऱ्या शिक्षकाच्या घरच्या संगणकावरही ती चालू शकते.

गणिताचे ओझे यंत्राने उचलले. विचाराचे मात्र उचललेले नाही. याचा बोधप्रद दाखला इंग्लंडातील प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात सापडतो. लँकेस्टर विद्यापीठातील नेव्हिल बेनेट यांनी लँकाशर परिसरातील प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गांना शिकविणाऱ्या ४६८ शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेतली. बसण्याची व्यवस्था, वेळापत्रक, चाचण्या, शिस्त, मुलांना दिलेले स्वातंत्र्य अशा अनेक बाबींची उत्तरे संगणकाला देऊन, परस्परांशी साम्य असलेल्या शिक्षकांचे १२ गट पाडण्यात आले. त्यांतून ३७ शिक्षक निवडून त्यांच्या सुमारे ९५० विद्यार्थ्यांची वाचन, गणित व इंग्रजी या विषयांतील वर्षभराची प्रगती मोजली गेली. औपचारिक पद्धतीने शिकणारी मुले एकंदरीत पुढे असतात, असा निष्कर्ष १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि मोठा वाद माजला. मोकळ्या, अनौपचारिक पद्धतीने शिकविणाऱ्या शिक्षकांवर त्यामुळे बोट ठेवले गेले.

त्याच विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ मरी एटकिन व त्यांचे सहकारी यांनी तीच सामग्री पुन्हा तपासली. ९५० मुले म्हणजे ९५० स्वतंत्र पुरावे, असे पहिल्या गणितात गृहीत धरले गेले होते. परंतु अध्यापनपद्धती ही मुलाची नसते, शिक्षकाची असते. एका वर्गातील मुले एकाच शिक्षकाचा उत्साह, एकच फळा व एकच गोंगाट वाटून घेतात. म्हणून पद्धतींच्या तुलनेपुरते खरे पुरावे ३७ च होत. मुले वर्गांत सामावलेली आहेत ही गोष्ट हिशेबात घेताच पद्धतींमधील फरक बहुतांशी निश्चयाने सांगण्याजोगे उरले नाहीत. एकाच पद्धतीच्या दोन शिक्षकांमधील अंतर मात्र ठळकपणे दिसले. शिक्षकांचे गट दुसऱ्या रीतीने पाडले तेव्हा ते गटही बदलले. हे फेरविश्लेषण १९८१ साली प्रसिद्ध झाले, आणि विशेष म्हणजे त्यात स्वतः बेनेट हे सहभागी होते. अशा विश्लेषणाला आता बहुस्तरीय विश्लेषण म्हणतात. ते करण्याची सोय ‘आर’मध्ये आहे, पण ते करावयाचे आहे हे संगणकाला सांगावे लागते.

सामग्री भरण्याच्या टप्प्यावरच बहुतेक अभ्यास बिघडतात, म्हणून त्याकडे अधिक लक्ष द्यावे. प्रत्येक मुलाला एक ओळ व प्रत्येक चलाला एक रकाना असावा. मुलाचे नाव न लिहिता क्रमांक लिहावा. मात्र शाळेचा व वर्गाचा संकेतांक वगळू नये, कारण तो नसेल तर वर सांगितलेले विश्लेषण शक्यच नाही. चाचणीच्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलापुढे ० लिहिण्याची सवय घातक आहे. २० मुलांच्या वर्गात ३ मुले गैरहजर व उरलेल्या १७ जणांची सरासरी ६० असेल, तर तीन शून्यांमुळे ती ५१ वर येते. तो रकाना रिकामाच ठेवावा. तथापि गैरहजर मुले ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील आहेत काय, हेही पाहावे. तसे असल्यास त्यांना वगळून काढलेली सरासरी शाळेचे खरे चित्र दाखवीत नाही.

घरच्या भाषेच्या रकान्यात मराठीस १, भिलीस २, पावरीस ३ असे अंक दिले, तर ते केवळ खुणेचे अंक आहेत हे सॉफ्टवेअरला कळवावे. न कळविल्यास यंत्र त्यांचीही सरासरी मुकाट्याने काढते आणि गावाची भाषा १.७ असल्याचे सांगते! जनरल रजिस्टरातील जन्मतारीख, हजेरीपटावरील दिवस व चाचणीचे गुण एकत्र जुळवितानाही क्रमांकांची अदलाबदल होते. पंचवीस-तीस ओळी मूळ नोंदींशी ताडून पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये.

शाळांची निवड करतानाही लँकाशरचा अनुभव उपयोगी पडतो. ६०० मुलांची चाचणी घेण्याइतकेच मनुष्यबळ असेल, तर १० शाळांतील प्रत्येकी ६० मुले घेण्यापेक्षा ४० शाळांतील प्रत्येकी १५ मुले घेणे अध्यापनपद्धतींच्या तुलनेसाठी पुष्कळच श्रेयस्कर ठरते. प्रवासाचा खर्च वाढतो हे खरे. म्हणून चाचणीचे दिवस ठरविण्यापूर्वीच केंद्रप्रमुखांशी विचारविनिमय करून शाळांची यादी निश्चित करावी.