फेणे मोठा झाला, हसू कुठे गेलं?

टीव्हीवरची लाडकी विनोदी मालिका मोठ्या पडद्यावर आली की घरात पहिला प्रश्न हाच येतो, "तेवढी मजा आली का?" बहुतेक वेळा उत्तर "नाही" असंच मिळतं. दोष दरवेळी कलाकारांचा नसतो. अर्ध्या तासाच्या मालिकेचा आणि दोन तासांच्या चित्रपटाचा स्वभावच वेगळा.

मालिकेतलं घर तेच, माणसं तीच, त्यांच्या खोडीही त्याच. आज कितीही गोंधळ झाला तरी पुढच्या आठवड्यात सगळं जागच्या जागी असतं. म्हणून तर आपण ती जेवताना, उठबस करताना पाहू शकतो. तिकीट काढून थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाला तेवढ्याने भागत नाही. काहीतरी पणाला लागावं, शेवटी माणूस थोडा तरी बदलावा, अशी त्याची अपेक्षा असते. मुंबई दूरदर्शनवर गाजलेल्या चिमणराव-गुंड्याभाऊंना घेऊन १९७९ मध्ये चित्रपट निघाला. २००२ मध्ये सुरू झालेल्या 'खिचडी' या हिंदी मालिकेवर २०१० मध्ये चित्रपट आला. अमेरिकेतली 'लिझी मॅग्वायर' ही शाळकरी मुलीची विनोदी मालिका २००३ मध्ये पडद्यावर आली, तेव्हा लिझीला सहलीच्या निमित्ताने थेट रोमला न्यावं लागलं. घर आणि शाळा एवढ्या जागेत चित्रपट मावेना!

किशोरवयीन नायकाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. मालिकेतला मुलगा वर्षानुवर्षं त्याच इयत्तेत राहू शकतो. चित्रपटात त्याला मोठं व्हावं लागतं. मराठीतलं याचं जवळचं उदाहरण म्हणजे आपला फास्टर फेणे.

भा. रा. भागवतांचा (१९१० ते २००१) हा बनेश फेणे फुरसुंगीचा. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, काडीसारखा बारीक, सायकलवर सुसाट, आणि काही सुचलं की तोंडाने 'ट्टॉक' करणारा. त्याच्या साहसांत धोका असायचा, पण हसूही तेवढंच असायचं. ऐंशीच्या दशकात तो दूरदर्शनच्या मालिकेत आला. सुमीत राघवन यांनी रंगवलेला तो फेणेही शाळकरीच होता.

पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांचा 'फास्टर फेणे' आला. या वेळी फेणे झाले अमेय वाघ. भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर, म्हणजे टीव्हीवरचे जुने चिमणरावच! शाळा मागे पडली होती. हा फेणे पुण्यात येतो तो वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायला. परीक्षेत ओळख झालेला एक मुलगा मरण पावतो. सगळे म्हणतात आत्महत्या. फेणेला ते पटत नाही, आणि शोध घेता घेता तो परीक्षेतल्या घोटाळ्यापर्यंत पोहोचतो.

जुन्या वाचकांपैकी काहींना वाटेल, आमचा खोडकर फेणे कुठे गेला? वाटणं साहजिक आहे. पण आम्ही शिक्षक मंडळी रोज मुलांत वावरतो, म्हणून आम्हाला हा बदल खोटा वाटत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलासमोर आज मोठं संकट कोणतं? भुयार नाही, चोरांची टोळी नाही. परीक्षा! आमच्या छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयासमोरून जाताना "आपलं लेकरू इथे शिकेल का?" हा विचार किती अम्मी-अब्बांच्या मनात येत असेल. काहींची मुलं त्यासाठी लातूरला जाऊन राहतात. २०१८ पासून 'नीट' उर्दूतूनही देता येऊ लागली, तेव्हा उर्दू शाळांतल्या मुलामुलींची उमेद वाढली. उमेद वाढली तसं ओझंही वाढलं.

चित्रपटातला घोटाळाही कल्पनेतच राहिला नाही. मे २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक मुलांनी 'नीट' दिली आणि पेपरफुटीने देश ढवळून निघाला. पाटणा आणि हजारीबाग इथे पेपर फुटल्याचं सर्वोच्च न्यायालयानेही नोंदवलं. मात्र फेरपरीक्षा नको, असा निर्णय जुलैमध्ये दिला. प्रामाणिकपणे रात्री जागलेल्या मुलाने यातून काय शिकायचं? या प्रश्नाला वर्गातही सोपं उत्तर नसतं.

म्हणूनच हा चित्रपट आठवी-नववीच्या पुढच्या मुलांसोबत बसून पाहावा, असं आम्हाला वाटतं. मारामारी आहे, मृत्यू आहे, तेव्हा धाकट्यांसाठी पुस्तकंच बरी. पाहून झाल्यावर लगेच नसीहत करू नये. मुलांना एवढंच विचारावं, "तू फेणेच्या जागी असतास तर गप्प बसला असतास?" आणि थोडं थांबून, "तुला कधी परीक्षेची एवढी भीती वाटते का, की कोणाला सांगताही येत नाही?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर झटकन येतं. दुसऱ्याला वेळ लागतो. तो वेळ द्यावा. त्या दिवशी गुण, टक्के, शेजारच्या मुलाचा निकाल यांतलं काही काढू नये.

मालिकेच्या फेणेला मोठं करताना चित्रपटाने त्याची एक गोष्ट मात्र सोडली नाही: सगळे "असंच असतं" म्हणत असताना "असं का?" विचारायची सवय. हसू कमी झालं, पण कुतूहल शिल्लक राहिलं. आपण मात्र मुलगा दहावीला गेला की दोन्ही गोष्टी एकदमच बंद करतो. गोष्टीचं पुस्तक कपाटात जातं, टीव्हीचा रिमोट लपतो, दस्तरखानावरची थट्टा थांबते, प्रश्न विचारला तर "आधी अभ्यास कर" हे ठरलेलं.

दोन वर्षांनी परीक्षा संपते. तोवर मुलाला आपल्याशी बोलायची सवय राहिलेली असावी, एवढी काळजी आतापासून घ्यायला हवी. दिवसातला अर्धा तास त्यासाठी पुरतो. मालिकेला तरी कुठे जास्त लागत होता?