चाकाचा ऑफसेट म्हणजे नेमके काय?

एटीव्हीला (खडबडीत वाटांवर चालणारी, हँडलची चारचाकी) बाजारातली वेगळी चाके घ्यायला गेले की रिमच्या माहितीत ४+३ किंवा ५+२ असे आकडे दिसतात. पुष्कळजण ती रुंदी समजतात. रुंदी मात्र दोन्हींची ७ इंचच आहे. हे आकडे ऑफसेट सांगतात: रिम हबला (चाक बोल्टने बसते तो भाग) जिथे टेकते, तिथून ती आत किती आणि बाहेर किती. पहिला आकडा आतला, दुसरा बाहेरचा.

म्हणून ५+२ काढून ४+३ बसवले, की प्रत्येक चाक १ इंच बाहेर सरकते आणि गाडी २ इंचांनी रुंद होते. उतारावर आडवे जाताना ती कलंडण्याची भीती कमी होते, हा फायदा खराच. पण भरलेली बादली अंगालगत न धरता हात लांब करून धरली, तर खांद्यावर जसा ताण येतो, तसा इथे बेअरिंगवर येतो. हँडल जड लागते, चिखलही जास्त उडतो. अमेरिकेत वनखात्याच्या अनेक ट्रेलवर ५० इंचांपेक्षा रुंद गाडीला मज्जाव आहे. ४९ इंचांची गाडी एवढ्या बदलाने बाद ठरते.

बोल्टची जुळणी ही वेगळी बाब. होंडाच्या बहुतेक एटीव्हींना ४/११० लागते (४ बोल्ट, ११० मिमी व्यासाचे वर्तुळ), पोलारिसच्या अनेक गाड्यांना ४/१५६. ती जुळली म्हणजे चाक योग्यच, असे नाही. पैसे भरण्यापूर्वी मूळ चाकाचा ऑफसेट आणि गाडीची एकूण रुंदी, दोन्ही टेप लावून मोजा.