परदेशी पाइप गोदामात किती रुपयांना पडतो?

परदेशी पुरवठादाराचा भाव स्वस्त दिसला की त्यावर सीमाशुल्काची टक्केवारी चढवून गिऱ्हाइकाला दर कळवायचा, ही पोलादी पाइपांच्या धंद्यातील सवय महागात पडते. शुल्क कशावर आणि कोणत्या क्रमाने लागते, हे व्यापारी बंधूंनी आधी समजून घ्यावे.

शुल्काचा पाया म्हणजे माल, जहाजभाडे आणि विमा यांची एकत्रित किंमत. ती बँकेच्या नव्हे, सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेल्या विनिमय दराने रुपयांत मोजली जाते. समजा, ही किंमत टनामागे १,००,००० रुपये आहे आणि मूळ शुल्क १० टक्के आहे. मूळ शुल्क झाले १०,००० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १,००० रुपये. आता १,११,००० रुपयांवर १८ टक्के एकात्मिक जीएसटी, म्हणजे १९,९८० रुपये. सरकारी भरणा एकूण ३०,९८० रुपये.

यातील जीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याला पुढे वळता करून घेता येतो. म्हणून तो खर्चात धरू नये. पण रोकड मात्र आधी लागते. २५ टनांच्या मालाला ७,७४,५०० रुपये भरल्याशिवाय माल सुटत नाही. ही तजवीज नसेल तर बंदराचे भाडे आणि व्याज नफा खाऊन टाकतात.

बंदर, दलाल आणि ट्रक यांचे टनामागे ३,००० रुपये धरल्यास खरी किंमत १,१४,००० रुपये होते. नुसते १० टक्के चढवणाऱ्याचा हिशेब १,१०,००० वरच थांबतो. २५ टनांत हा फरक एक लाखाचा!

गिऱ्हाईक मीटरने भाव विचारते. बाहेरील व्यासातून जाडी वजा करावी, उरलेल्या आकड्याला जाडीने आणि मग ०.०२४६६ ने गुणावे. मापे मिलिमीटरमध्ये असल्यास मीटरचे वजन किलोत मिळते. ११४.३ व्यास आणि ६.०२ जाडीचा पाइप मीटरला १६.०७ किलो भरतो, म्हणजेच सुमारे १,८३२ रुपये.

सीमलेस पाइप ७३०४ या शीर्षकात येतात, तर वेल्डेड पाइप ७३०५ किंवा ७३०६ मध्ये. चिनी सीमलेस पाइपांवर २०१७ साली अँटी-डम्पिंग शुल्क बसले होते. म्हणून सौदा पक्का करण्यापूर्वी शीर्षक, चालू दर, असे जादा शुल्क आणि भारतीय मानक ब्युरोची अट, या चारही गोष्टी दलालाकडून लेखी घ्याव्यात. पतपत्र उघडल्यावर केलेला हिशेब फक्त तोटा मोजण्याच्या कामी येतो.